दोन सैन्यांचं एक घर

आम्ही तोक्योतल्या निशी-कसाईला राहत होतो, तेव्हा मी वृद्धांच्या एका डे-केअरमध्ये अर्धवेळ काम करायचे. पुण्यात मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नवऱ्याला तोक्योच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं म्हणून त्याच्यामागे आले, आणि काही वर्षं घरात काढल्यावर मिळेल ते काम धरलं. सकाळी म्हाताऱ्यांना गाडीतून उतरवून घ्यायचं, आंघोळी घालायच्या, जेवू घालायचं, गाणी म्हणायची, संध्याकाळी परत गाडीत बसवून द्यायचं.

तिथे माझ्यानंतर वर्षभराने एक नेपाळी बाई कामाला लागली. ती मला पहिल्याच दिवशी 'दिदी' म्हणाली. तुला काय म्हणू असं विचारलं तर म्हणाली, "बहिनी." मला ते 'वहिनी' असं ऐकू आलं आणि मी जरा गोंधळले. मग कळलं, नेपाळीत धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात. आम्ही हिंदीत बोलायचो, मध्ये मध्ये जपानी. तिचं जपानी माझ्यापेक्षा मोडकं होतं, पण म्हातारी मंडळी तिच्यावर जीव टाकायची. मला ते खुपायचं. मी परीक्षा देऊन, व्याकरण घोटून बोलायचे आणि आजी-आजोबा मला अदबीने "हो हो" म्हणायचे. तिच्याशी मात्र ते हसायचे.

एक आजी होत्या, नव्वदीच्या पुढच्या. मला केस धुवू द्यायच्या नाहीत. एकदा आंघोळीच्या खोलीत मी शॉवर धरून उभी होते आणि बहिनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यापुढे बसली होती. आजींनी वाकून तिच्या पोटरीला हात लावला. तिथे एक व्रण होता, चुणीदार, कातडी आत ओढल्यासारखा. मी तो रोज पाहत होते आणि भाजलं असेल असं धरून चालले होते.

"सेन्सो?" आजींनी विचारलं. सेन्सो म्हणजे युद्ध.

"हाइ," म्हणजे हो, बहिनी म्हणाली.

"थंडीत दुखतो?"

"दुखतो."

"माझाही," म्हणून आजींनी स्वतःचा दंड वळवून दाखवला. लहानपणी शहर जळताना पाहिलेली बाई ती. दोघी एकमेकींचे व्रण बघत राहिल्या. मी तशीच उभी, हातातलं पाणी माझ्याच पायांवर पडतंय. हिच्यासोबत मी किती महिने काम करत होते, रोज डबा उघडून बाजूला बसत होते, आणि हे मला आधी कळलं नाही. कळलं ते त्या आजींना, तेही एका शब्दात.

त्या दिवशी दुपारी जेवताना मी तिला विचारलंच. तिने काही आढेवेढे घेतले नाहीत.

नेपाळात राजाचं सैन्य आणि बंडखोरांचं सैन्य यांच्यात कित्येक वर्षं लढाई चालली होती, हे मला पेपरात वाचून ढोबळ माहीत होतं. बहिनी बंडखोरांच्या सैन्यात होती. अधिकारी वगैरे नाही, साधी शिपाई. पंधरा-सोळा वर्षांची असताना गावात बंडखोरांचं एक नाचगाण्याचं पथक आलं होतं. त्यात केस कापलेल्या, पॅन्ट घातलेल्या मुली होत्या. त्या पुरुषांच्या पंगतीत बसून जेवल्या.

"मला त्यांचं तत्त्वज्ञान काही कळलं नव्हतं, दिदी. एवढंच कळलं, की या मुलींना पाणी आणायला कुणी पाठवत नाही. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा मी बघितला होता. मी त्यांच्याबरोबर निघून गेले."

"भीती नाही वाटली?"

"निघताना नाही. मग पायात काटा मोडला तेव्हा रडले, आईची आठवण आली म्हणून. मोठ्या लढाईत नाही रडले."

लढाईपेक्षा चालणंच जास्त, असं ती सांगायची. स्वस्तातले कॅनव्हासचे बूट, जळवा, खिशात कच्चे नूडल्स, तेच कुडुम कुडुम खात डोंगर चढायचा. पाळी आली की चालता चालता फडकं वाळवायचं कुठे, हा सगळ्यात मोठा प्रश्न. बंदुका सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या. पुढची पडली की तिची बंदूक मागचीने उचलायची. लढाईला जायच्या आधी गावातल्या बायका कपाळाला टिळा लावायच्या, गळ्यात फुलांची माळ घालायच्या, आणि मग या मुली नाचायच्या.

"नाचायच्या?"

"हो. खूप. उद्या कोण असेल माहीत नाही, तर नाचूनच घ्यायचं."

ती हे डब्यातलं लोणचं बोटाने पुसत सांगत होती. आणि मला, काय सांगू, हेवा वाटला. मरणाचा हेवा कुणाला वाटतो? पण मला त्या नाचणाऱ्या मुलींचा वाटला. ती म्हणाली, त्या सगळ्या एकाच ताटात जेवायच्या, एकाच घोंगडीत झोपायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या. माझी निशी-कसाईत गणपतीला भेटणारी, व्हॉट्सअ‍ॅपवर उकडीच्या मोदकांची कृती पाठवणारी मैत्रिणींची फौज होती. त्यातली एकही माझ्यासाठी कुठली बंदूक उचलणार नव्हती. मीही त्यांच्यासाठी उचलली नसती.

तिचं घर आमच्यापासून सायकलवर दहाएक मिनिटांच्या अंतरावर, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होतं. नवरा ऑफिसांच्या भागातल्या एका इंडियन रेस्तराँमध्ये आचारी. रविवारी ते बंद असायचं. एका रविवारी तिने आम्हा दोघांना मोमो खायला बोलावलं. दार नवऱ्याने उघडलं. पिठाने माखलेले हात मागे धरून त्याने नमस्कार केला. उंचीने बेताचा, रुंद खांद्यांचा, थोडा लाजरा माणूस.

बहिनी ओळख करून देत म्हणाली, "हे राजाच्या सैन्यात होते."

'हे अकाउंट्सला होते' असं सांगावं, तसं. माझा नवरा दारातच थबकला.

"म्हणजे... तुम्ही समोरासमोर?"

"अगदी तशी गाठ नाही पडली. पडली असती तर मोमो कुणी केले असते?" ती म्हणाली, आणि तिचा नवरा मोठ्याने हसला.

त्या दिवशी मी पुण्याहून आणलेला एक जादा प्रेशर कुकर भेट म्हणून घेऊन गेले होते. तिच्याकडे कुकर नाही, भात जपानी राइस कुकरमध्ये होतो, डाळ शिजायला वेळ लागतो असं ती म्हणाली होती. मी खोका उघडून कुकर ओट्यावर ठेवला. दोघांनी तो पाहिला. मग एकमेकांकडे पाहिलं. आणि दोघं जे हसत सुटले, ते थांबेचनात. ती जमिनीवर बसली, तो भिंतीला टेकून डोळे पुसायला लागला. मी वेड्यासारखी शिटी हातात धरून उभी.

शेवटी तिने सांगितलं. बंडखोर रस्त्यात सुरुंग पेरायचे ते प्रेशर कुकरमध्ये भरून. डोक्याला पट्टा लावून पाठीवर वाहायची टोपली असते, डोको, त्यात तिने असे कुकर डोंगर चढून नेले होते. आणि तिचा नवरा त्याच रस्त्यांवरून, जमिनीवरून नजर न हलवता, कुठे माती ताजी उकरलेली दिसते का बघत चालला होता.

"मला अजून शिटी झाली की मागे सरकायला होतं," तो म्हणाला.

"आणि मला वाटतं, हे एवढं जड आम्ही कशाला वाहत होतो, घरी नेऊन डाळ शिजवली असती," ती म्हणाली.

पुन्हा हसणं. आम्ही दोघंही हसलो, पण उशिरा, आणि पाहुण्यांनी हसावं तेवढंच. घरी येताना मी सायकल चालवत होते आणि मला आतून चांगलंच टोचत होतं. एकाने दुसऱ्याला उडवायला वाहिलेली वस्तू, आणि त्यावर दोघं मिळून हसतात. आमच्या घरात कधी भांड्याला भांडं लागलेलं नाही. सगळे म्हणायचे, किती शांत जोडपं. पण आमच्याकडे असं दोघांनाच कळणारं हसण्यासारखं काय होतं? मी आठवून पाहिलं. काही सापडलं नाही.

नंतर आम्ही बरेच रविवार त्यांच्याकडे जाऊ लागलो. तिचा नवरा हळूहळू बोलता झाला. त्याला आधी परदेशी सैन्यात भरती व्हायचं होतं, त्याच्या गावातला प्रत्येक मुलगा तेच स्वप्न बघायचा. छातीच्या मापात तो नापास झाला. मग राजाच्या सैन्यात गेला. नोकरी म्हणून, बुटांसाठी, आणि कधीतरी शांतिसेनेतून दुसऱ्या देशात जायला मिळेल या आशेने. राजा त्याने फक्त नोटेवर पाहिला होता.

"त्यांचा राग यायचा का तुम्हाला? बंडखोरांचा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"राग आमच्या मेजरचा यायचा. तो कोंबडी खायचा, आम्हाला पाणचट डाळ." मग म्हणाला, "डोंगराच्या त्या बाजूने ते शिव्या द्यायचे, भोंगा लावून. आम्हीही द्यायचो. एकदा दसऱ्याच्या दिवसांत कुणीतरी तिकडून ओरडलं, कुठल्या गावचे रे तुम्ही? आमच्यातल्या एकाने सांगितलं. तिकडून म्हणाला, माझा मामा त्याच गावचा. मग त्या दिवशी शिव्या बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या."

"आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही कुत्रे आहात," बहिनी म्हणाली. "मग पहिले कैदी पकडून आणले. त्यातला एक माझ्या बोलीत बोलला. मीठ आहे का, विचारत होता."

"तुम्ही लोक ओरडत यायचात," तो तिला म्हणाला. "गोळीपेक्षा त्या ओरडण्याची भीती वाटायची."

"बंदुका कमी होत्या म्हणून ओरडायचो."

त्यांचं लग्न कसं झालं, हे तिने मला एकटीला सांगितलं, डे-केअरच्या मागच्या बाजूला टॉवेल वाळत घालताना. तिची एक मैत्रीण होती, एकाच दिवशी घरातून निघालेली. एका लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्यात ती पडली. बहिनीच्या पोटरीत तिथेच तुकडा घुसला होता, तिला दुसऱ्यांनी ओढत मागे नेलं. मैत्रिणीला आणता आलं नाही. युद्ध संपलं, हत्यारं खाली ठेवलेल्या बंडखोरांच्या शिबिरात वर्षं गेली, गावी परतली तर बायका म्हणायच्या, पुरुषांबरोबर जंगलात राहिलेली, हिच्याशी कोण लग्न करणार. मग ती भाषा शिकायला म्हणून जपानला आली. आणि जिथे कुठे राजाच्या सैन्यात काम केलेला माणूस भेटेल, तिथे त्याला विचारायची, त्या ठाण्यावर होतास का? हल्ल्यानंतर तिथल्या मुलींचं काय केलं?

"सगळे म्हणायचे, मी तिथे नव्हतो. त्या ठाण्यावर बहुतेक कुणीच नव्हतं, असं वाटायला लागलं होतं मला," ती म्हणाली. "मग एका बागेत दसऱ्याला सगळे नेपाळी जमले होते, तिथे हे भेटले. मी विचारलं. हे म्हणाले, हो, आम्हाला दुसऱ्या दिवशी तिथे पाठवलं होतं. खड्डा मी खणला. झऱ्याच्या खाली, अक्रोडाच्या झाडाजवळ. त्यात मुली होत्या."

"मग?"

"मग मी यांच्याशी खूप महिने बोलले नाही. आणि मग मीच फोन केला."

ती टॉवेल झटकून दोरीवर टाकत होती. मी चिमटे देत होते. मला विचारावंसं वाटलं की त्या माणसाचे हात तू हातात कसे घेतलेस. पण त्याच क्षणी माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. मला वाटत होतं, माझ्याशी कुणीच कधी एवढं खरं बोललेलं नाही. अगदी माझ्याशी सात जन्मांचे वायदे करणाऱ्याने सुद्धा नाही. त्या बाईने जे भोगलं, त्यातलं काहीही मला झेपलं नसतं, आणि तरी मी तिच्यावर जळत होते. जळण्याला काही तारतम्य नसतं, हे त्या दिवसांत मला नीट कळलं.

शरद ऋतूत आमच्या वस्तीची आपत्तीची कवायत होती. एदोगावा हा नदीकाठचा सखल भाग, पूर आला तर काय करायचं, भूकंप झाला तर काय करायचं, हे दरवर्षी बागेत शिकवतात. त्या वर्षी मी बहिनीलाही बोलावलं, ती नवऱ्याला घेऊन आली. अग्निशमन दलाचे लोक दोन बांबू आणि एक ब्लँकेट घेऊन स्ट्रेचर कसा करायचा ते दाखवत होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका हौसेने जखमी झाले. पहिली पाळी आमची आली. नवरा उंच, मी बुटकी. मी पुढे धरलं, त्याने मागे. उचललं आणि काका डोक्याकडून कलले. "हळू," तो म्हणाला. "तू वाक ना," मी म्हणाले. चार पावलं टाकली तर काका पाळण्यातल्यासारखे झुलायला लागले, त्यांनी दोन्ही बांबू घट्ट धरले आणि सगळी वस्ती हसली.

अग्निशमनवाले म्हणाले, दोघांनी एकच पाय एका वेळी टाकला की असं होतं, एकाचा डावा तेव्हा दुसऱ्याचा उजवा पडायला हवा. मग बहिनी आणि तिचा नवरा पुढे झाले. ती पुढे, तो मागे. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, एक दोन तीन म्हटलं नाही. काका वर उचलले गेले आणि पाण्यावरून जावं तसे बागेच्या टोकापर्यंत गेले. परत येताना काकांनी हात सोडून छातीवर ठेवले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्याने सगळ्यात जोरात. तो कौतुकाने, अगदी तोंड उघडं ठेवून बघत होता, आणि मी त्याच्याकडे.

बागेतून निघताना त्याने बहिनीला विचारलं, "असं किती लांब न्यायचात तुम्ही?"

"जिवंत असेल तोवर," ती म्हणाली. "नंतरही, जमेल तेवढं. मागे ठेवलं तर हे लोक पुरणार." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. बास. दोघं पुढे चालायला लागले.

माझा माझ्या नवऱ्यावर संशय नव्हता. तसा संशय असता तर सोपं होतं, भांडता आलं असतं. तो बहिनीच्या मागे नव्हता. पण त्यांच्या घरात त्याचा आवाज बदलायचा. तो प्रश्न विचारायचा. भूक लागल्यावर काय वाटायचं, रात्री पहाऱ्यावर काय आठवायचं, पहिला माणूस मेलेला पाहिला तेव्हा काय झालं. बहिनीला चहात मिरपूड लागते, हे त्याच्या लक्षात होतं. मी डे-केअरमध्ये दिवसभर काय करते, हे त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं. मी त्याला मूक माणूस समजत होते आणि त्याच समजुतीवर संसार केला होता. तो मूक नव्हता. तो माझ्याजवळ मूक होता.

एका रविवारी त्यांच्याकडून परत येताना आम्ही नदीच्या बांधावरून सायकली हातात धरून चाललो होतो. लख्ख दुपार, खाली मैदानावर मुलं बेसबॉल खेळत होती. तो सांगायला लागला की बहिनीला शिबिरातून निघताना काय वाटलं असेल, आपलं सैन्यच उरलं नाही म्हणजे काय, वगैरे. माझा ताबा सुटला.

"तिला काय वाटलं असेल याचा एवढा विचार करतोस. मी पुण्यातली नोकरी सोडून निघाले तेव्हा मला काय वाटलं, विचारलंस कधी?"

तो थांबला. "हे आत्ता कुठून आलं?"

"आत्ता नाही आलं. तू आत्ता ऐकलंस."

त्याने सायकल उभी केली. खालच्या खेळाकडे वळला. मग म्हणाला, "माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. पुढे वाढवणार नाहीयेत."

"कधी कळलं?"

"उन्हाळ्यात."

ऑक्टोबर संपत आला होता. मी म्हटलं, "आणि तू हे एवढे दिवस एकट्याने..." मला त्याची दया येत होती, खरंच. तेवढ्यात तो म्हणाला, "एकट्याने नाही. त्याला सांगितलं होतं. बहिनीच्या नवऱ्याला. तो म्हणाला, बायकोला सांगा. मी म्हटलं, सांगतो."

दया गेली. आत काहीतरी फट्‌कन पेटलं. आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट एका आचाऱ्याला मोमो वळताना कळली होती. आणि ज्या घरात दोघं एकमेकांना खड्ड्यासकट सगळं सांगतात, तिथे बहिनीला कळल्याशिवाय कशी राहील? म्हणजे ती माझ्या शेजारी उभी राहून आजी-आजोबांच्या पाठी चोळत होती, माझ्या हिवाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जायच्या गप्पा ऐकत होती, आणि तिला माहीत होतं.

मी दुसऱ्या दिवशी कामावर तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो, दिदी."

"मग मला सांगितलं का नाहीस? मला बहीण म्हणतेस ना?"

ती हातातली बादली खाली ठेवून उभी राहिली. "आमच्यात कुणी पडलं की त्याच्या घरी खबर द्यायला कमांडर त्यालाच पाठवायचा, जो शेवटी त्याच्या शेजारी होता. दुसरा कुणी आधी सांगू शकत नव्हता. आम्हाला वाटेत त्याची आई भेटायची, मुलगा बरा आहे का विचारायची, आणि आम्ही गप्प राहायचो. मला माहितेय कसं वाटतं ते. पण ते तुमच्या नवऱ्याने सांगायचं होतं."

"माझा नवरा मेलेला नाही," मी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच मी त्यांना रागावले नाही. त्यांना अजून स्वतः सांगता येत होतं."

मला तिचं पटलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. डबा मी दुसऱ्या टेबलावर खायचे. आजी एकदा म्हणाल्या, तुमचं भांडण झालंय का? आम्ही दोघींनी एकदम "नाही" म्हटलं. त्या आजींनी त्या दिवशी पहिल्यांदा मला केस धुवू दिले. बहुधा बाजू बदलून बघितली असावी.

घरी मात्र मी आणि नवरा भांडायला लागलो होतो. लग्नानंतर पहिल्यांदाच. आधी कॉन्ट्रॅक्टवरून, मग माझ्या नोकरीवरून, मग त्याच्या आईवरून, मग कचरा वेगळा कोण करतं यावरून. त्याच्या तोंडून खरं निघायला लागलं आणि ते काही फार मोठं नव्हतं. त्याला लाज वाटत होती, एवढंच. बरोबरच्यांची बढती झाली होती, त्याची झाली नव्हती. मला याचंही वाईट वाटलं की माझ्या वाट्याला आलेलं खरं हे एवढंसं. मग वाटलं, एवढंसं आहे तेच बरं. आणि पुन्हा वाईट वाटलं.

फेब्रुवारीत त्याला ओसाकाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. आम्ही सामान बांधलं तेव्हा बहिनी न बोलावता आली. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसली. आम्ही झालेल्याबद्दल काहीच बोललो नाही. जाताना ती म्हणाली, "एप्रिलमध्ये आम्ही नेपाळला जातोय. तिथे, त्या ठाण्यापाशी. यांनी जागा दाखवायचं कबूल केलंय."

मी म्हटलं, "जपून जा."

ओसाकात मला पुन्हा एका डे-केअरमध्ये काम मिळालं. मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. ती नेपाळहून परतली होती.

ठाण्याच्या जागी आता नवी इमारत होती. खाली गावाने पाण्याची टाकी बांधली होती, झरा त्यात कोंडला होता. अक्रोडाचं झाड नव्हतं. तिचा नवरा उतारावर उभा राहिला आणि म्हणाला, इथे. मग थोडं खाली गेला, म्हणाला, नाही, इथे असेल. मग तिसरीकडे. मग म्हणाला, मला नक्की सांगता येत नाही.

"मला इतका राग आला, दिदी. मी यांच्या डोक्यावरची टोपी ओढून खाली दरीत फेकली. ओरडले. म्हटलं, तुम्हाला तेवढं एक आठवायला हवं होतं, त्यावर तर मी लग्न केलं. मग पूर्ण प्रवासात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बसमध्ये वेगळ्या सीटवर बसलो."

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. इतके दिवस ज्या घराचा मला हेवा वाटत होता, त्यात चीर पडल्याचं ती सांगत होती. मला बरं वाटायला हवं होतं, थोडंसं वाटलंही. पण लगेच मनात आलं, यांचा अबोलाही केवढ्या कारणासाठी.

"मग?" मी विचारलं.

"मग आम्ही तिच्या आईकडे गेलो. माझ्या मैत्रिणीच्या. जायचं ठरलंच होतं. मला वाटलं होतं, यांना बाहेर बसवून मी एकटीच आत जाईन. पण हे आत आले आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, मी कोण होतो आणि काय केलं. म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने यांना एकच विचारलं."

"काय?"

"माती ओली होती की कोरडी."

तिकडे मागे ट्रेनची घोषणा ऐकू येत होती, ती स्टेशनवरून बोलत असावी.

"हे म्हणाले, ओली होती. मऊ होती, लवकर खणून झालं. मग तिने मान हलवली आणि आम्हाला भात वाढला. यांना दोनदा वाढला. जेवताना यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीठ मागितलं. मी दिलं. तेव्हापासून बोलतोय."

ट्रेन आली तशी ती घाईने म्हणाली, "हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथल्या आमच्या लोकांना तर नाहीच. तुम्हाला पहिलं सांगितलं. तुमच्या नवऱ्याला सांगा हवं तर, ते विचारतील."

त्याने विचारलंच. संध्याकाळी घरी आल्या आल्या, बूट काढतानाच. मी त्याला टाकीचं सांगितलं, अक्रोडाचं सांगितलं, टोपी दरीत फेकल्याचं सांगितलं. तो पायरीवर बसून एक बूट हातात धरून ऐकत होता. "आणि मग?" म्हणाला. "मैत्रिणीच्या आईकडे गेले की नाही?"

"गेले. जेवले. परत आले," मी म्हणाले आणि कुकर लावायला आत गेले.

मातीचं मी त्याला सांगितलं नाही. पुढेही नाही सांगितलं. ते तिने मला पहिलं सांगितलं होतं, आणि ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. आता हे लिहिलंय म्हणजे तो वाचेल. वाचू दे.